रिकामी चौकट

१९६६ साली पोलंडच्या पोलिसांनी एका तसबिरीला अटक केली. गुन्हा एवढाच की ती गावोगाव फिरत होती.

चेंस्तोखोवा या शहरात यास्ना गुरा नावाचा मठ आहे, १३८२ सालचा. तिथं मेरीमातेचं एक जुनं चित्र आहे. चेहरा काळसर, उजव्या गालावर उभे दोन वण. १४३० साली मठावर धाड पडली तेव्हाचे हे घाव. १६५५ साली स्वीडिश फौजेचा वेढा या मठानं परतवला, आणि तेव्हापासून ही माता नुसती देवघरातली राहिली नाही, ती अख्ख्या देशाची झाली. १९५७ मध्ये या चित्राची एक प्रतिकृती करून ती गावागावाला पाठवायचं ठरलं. एक दिवस एका गावच्या चर्चमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. १९६६ हे पोलंडनं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याचं हजारावं वर्ष, तोवर तिनं सगळा देश पालथा घालायचा, असा तिथले कार्डिनल स्टेफान विशिन्स्की यांचा बेत.

सरकारलाही तेच हजारावं वर्ष साजरं करायचं होतं, पण पोलिश राज्याचं म्हणून. ‘हजार वर्षांना हजार शाळा’ ही त्यांची घोषणा, आणि शाळा त्यांनी खरोखर बांधल्या, हजारावर. हे श्रेय नाकारायचं कारण नाही. पण एकीकडे शाळा बांधणाऱ्या या सरकारला रस्त्यावरून जाणारी तसबीर काही सोसवेना. जूनमध्ये तिला वाटेत अडवून वॉर्सॉच्या कॅथेड्रलमध्ये नेऊन ठेवलं. तिथं लोक खिडकीच्या गजांतून तिचं दर्शन घेऊ लागले. गजांआडची देवी पाहून लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको. सप्टेंबरात पोलिसांनी तिला थेट यास्ना गुराला पोचवलं आणि तिथून बाहेर काढायची नाही अशी ताकीद दिली. मठातून निघणाऱ्या गाड्यांची झडती व्हायला लागली.

ही हकीकत मला पुस्तकात भेटली ती नंतर. आधी ऐकली ती वॉर्सॉतल्या माझ्या घरमालकीणबाईंकडून. नोकरीनिमित्त मी तिथं होते तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली माझ्याकडे होती. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. माझं पोलिश भाजी आणण्यापुरतं, त्यांचं इंग्रजी त्याहून कमी. मधे त्यांची नात, विद्यापीठात शिकणारी, कंटाळत कंटाळत भाषांतर करायची. आजीच्या गोष्टी तिनं इतक्यांदा ऐकलेल्या की कधी कधी आजीनं तोंड उघडायच्या आधीच ती मला पुढचं वाक्य सांगून मोकळी व्हायची.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, तू कुठली? मी म्हटलं कोल्हापूर. त्यांनी मान हलवली. नाव ऐकलेलं नव्हतं. याचंच मला नवल वाटलं, कारण आमच्याकडे पोलिश माणसं आजीच्या गोष्टींतली. माझ्या आजीचं माहेर वळिवड्याच्या शेजारचं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडातून लाखो लोकांना उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. त्यांच्यातले जे जगले त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि त्यांतले हे. आजीचे वडील छावणीत दूध घालायचे. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, किटली धरून मागं.

“लई गोऱ्या बाया, आनि येकीच्या बी अंगावर डागिना न्हाई,” आजी सांगायची. “पन पोरी, त्येंची देवी मातूर काळी. आपल्या अंबाबाईवानी. तिला छत्राखाली घालून मिरवायच्या. म्होरं बारकाल्या पोरी, पांढरी झगं घातल्यालं, वाटंवर फुलं टाकत जायाच्या. मी आयेला म्हनलं, हिकडं बी पालखी निगती की!” आजीच्या लेखी विषय तिथं संपला होता. काळी देवी, छत्र, पायी चालणाऱ्या बाया. परके असे ते लोक तिला कधी वाटलेच नाहीत. पुढं ती छावणी उठली, तिथं सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्या पोलिश माणसांचं स्मारक आहे, फिरायला येणारे लोक त्याच्या कट्ट्याशी टेकून भेळ खातात.

हे सगळं मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आईच्या गावी एक शिवणकाम करणारी बाई होती. कुठून आलीस विचारलं की म्हणायची, इंडियातून. बस. त्या पलीकडे एक अक्षर नाही. आम्हाला वाटायचं डोक्यानं थोडी कमी असावी.

गप्प राहण्याला कारण होतं. इंडियात कशी पोचलीस याचं उत्तर सायबेरियातून सुरू झालं असतं, आणि रशिया हा मोठा भाऊ असलेल्या पोलंडात सायबेरियाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणूनच वळिवड्याच्या बहुतेकांनी परत जायचंच टाळलं. त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेलेली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. जे थोडे परतले ते या शिवणकामवालीसारखे जिभेला टाका घालून जगले.

बाईंच्या गोष्टींत मात्र टाका नव्हता. त्यांची मावशी हे त्या गोष्टींतलं मुख्य पात्र. १९४९ च्या जुलैत लुब्लिनच्या कॅथेड्रलमधल्या मातेच्या चित्राच्या डोळ्यांतून पाणी येतं अशी बातमी पसरली. चमत्कार खरा की खोटा यात मला पडायचं नाही. झालं एवढं की देशभरातून माणूस लुब्लिनकडे लोटलं आणि सरकारनं लुब्लिनची रेल्वे तिकिटं देणं बंद केलं. मावशीनं काय केलं? अलीकडच्या स्टेशनचं तिकीट काढलं आणि उरलेलं अंतर पायी कापलं. “पायांना तिकीट लागत नाही,” असं ती म्हणायची म्हणे. त्या गर्दीत चेंगरून एक तरुण मुलगी मेली, पुढं धरपकड झाली. मावशी हेही सांगायची, गाळायची नाही.

१९५३ च्या सप्टेंबरात विशिन्स्कींनाच सरकारनं उचललं. तीन वर्षं नजरकैद. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ते डोंगरातल्या कोमान्चा इथं एका मठात डांबलेले असताना यास्ना गुराला सुमारे दहा लाख लोक जमले. कार्डिनलनी नजरकैदेत लिहिलेली शपथ त्या सगळ्यांनी मिळून म्हटली, आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर फुलं ठेवलेली होती. खुर्ची रिकामी. दोन महिन्यांनी सरकारला त्यांना सोडावं लागलं. त्यात मॉस्कोतल्या बदललेल्या वाऱ्याचा वाटा मोठा, नुसत्या खुर्चीचा नव्हे. पण बाईंना विचाराल तर त्या खुर्चीचंच नाव घेतील.

आता १९६३. ही बाईंची स्वतःची गोष्ट, त्यामुळं रंगवून सांगायचा हक्क त्यांचा.

वॉर्सॉहून चेंस्तोखोव्याला पायी जायची प्रथा १७११ ची. शहरात प्लेगनं थैमान घातलं तेव्हा बोललेला नवस. ६ ऑगस्टला निघायचं, १४ ला पोचायचं, १५ ला मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण. अडीचशे किलोमीटरच्या आसपास अंतर. आळंदी-पंढरपूर साधारण तेवढंच, फक्त आपण त्याला दुप्पट दिवस लावतो, कारण आपल्याला वाटेत कीर्तनं आहेत, रिंगणं आहेत आणि घाई नाही. तिथं नऊ दिवसांत पाय अक्षरशः सोलून निघतात. बाकी सगळं ओळखीचं. गटागटानं चालायचं, प्रत्येक गटाची खूण वेगळी, गाणी म्हणत जायचं. एकमेकांना नावानं हाक नाही, ‘बहिणी’ आणि ‘भावा’. आपण माउली म्हणतो तसं. वाटेवरची गावं पाणी, ताक, पाव, उकडलेले बटाटे घेऊन उभी. रात्री गोठ्यात नाहीतर धान्याच्या कोठारात पेंढ्यावर झोप.

त्या वर्षी व्रोत्स्वाफमध्ये देवीची साथ आली आणि सरकारनं वारीला बंदी घातली. आता हे नीट सांगितलं पाहिजे. साथ खरी होती. ९९ जणांना देवी आल्या, त्यांतले ७ गेले. अख्ख्या शहराला लस टोचावी लागली. पण व्रोत्स्वाफ हे या वाटेवरचं गाव नव्हे, ते पार पश्चिमेला. आणि ज्या सरकारनं आधी कित्येकदा कधी रस्ता दुरुस्तीचं, कधी रहदारीचं कारण सांगून लोकांना परतवलं त्यानं खरी साथ सांगितली तरी ऐकणार कोण? बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मावशी म्हणाली, चल, मश्रूम वेचायला.

ऑगस्टमध्ये पोलंडात निम्मा देश टोपल्या घेऊन रानात असतोच. तर पाच-सहा बायकांनी टोपल्या घेतल्या आणि गाणी न म्हणता, रांग न धरता, दक्षिणेला मश्रूम वेचायला निघाल्या. पुढं-मागं असेच टोपल्यावाले. कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही. टोपलीत खरोखरचे मश्रूम हवेत म्हणून अधूनमधून थांबून वेचायचे, त्यानं वेळ जायचा आणि मावशी चिडायची. पिलिचा नदीच्या पुलावर पोलीस उभा. कुठं निघालात? मावशी म्हणाली, लग्नाला. कुणाच्या? पोचलो की कळेल. पोलिसानं टोपल्यांकडे बघितलं, त्यांच्या पायांकडे बघितलं, आणि पुलावरून सोडता येत नाही पण खाली अमुक ठिकाणी पाणी गुडघाभर आहे, असं नदीकडे बघत सांगितलं.

पुन्हा एकदा हीच गोष्ट ऐकली तेव्हा पोलीस दोन झाले होते आणि पाणी कमरेएवढं. नात म्हणाली, लहानपणी ऐकली तेव्हा आजी पोहून गेली होती. बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

चेंस्तोखोवा जवळ आलं की वाटेत एक टेकडी लागते, प्शेप्रोश्ना गुर्का, क्षमा मागायची टेकडी. मठाचा उंच मनोरा नजरेत आल्यावर इथं सगळे थांबतात आणि नऊ दिवसांत एकमेकांना जे टोचून बोललो, कुणाची पेंढ्यावरची जागा बळकावली, कुणाला वाटेत मागं टाकलं, त्याची माफी मागतात. मगच पुढं. त्या वर्षी तिथं मोठा घोळका करणं धोक्याचं होतं. म्हणून मावशीनं चालता चालताच बाईंची माफी मागितली. कशाबद्दल? “मश्रूमवरून शिव्या दिल्या त्याबद्दल.” हे सांगताना बाई अजून हसतात. आपल्याकडे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात क्षमा येतेच. पण क्षमेसाठी आख्खी टेकडी राखून ठेवावी ही कल्पना मला फार आवडली.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कम्युनिस्ट होते का? मी म्हटलं, घरातच होते. आजीचा धाकटा भाऊ शेकापचा. मोर्च्यात लाल बावटा खांद्यावर, गळ्यात तुळशीची माळ, आणि आषाढीला महिनाभर पार्टीच्या बैठकीला गैरहजर. घरात मार्क्सचं पुस्तक होतं ते ज्ञानेश्वरीच्याच फडताळात. बाईंना हे पटेना. नातीनं दोनदा भाषांतर केलं तरी पटेना. त्यांचा स्वतःचा भाऊ पोलंडच्या पार्टीचा सभासद, कारखान्यात फोरमन. त्यानं मुलीचा बाप्तिस्मा चार गावं पलीकडच्या चर्चमध्ये करवून घेतला. बायको आणि मूल आत, हा बाहेर गाडीशी सिगारेट ओढत उभा. कुणी बघितलं तर सांगायला, की मी काही आत गेलो नाही. शेजारच्या गाडीशी दुसरा एक जण तसाच सिगारेट ओढत उभा होता. तो जिल्हा समितीचा.

फरक कशात होता हे मला नंतर उमगलं. आमचे मामा-आजोबा बिनधास्त माळ घालू शकले, कारण त्यांच्या पार्टीच्या हातात पोलीस नव्हते. उद्या असते, तर त्यांनी माळेचं काय केलं असतं, मला खात्री देता येत नाही.

बाईंचा पुढचा प्रश्न अवघड होता. तुमच्या वारीला कधीच कुणी अडवलं नाही? सरकारनं नाही, मी म्हटलं. पण शेकडो वर्षं आपल्याच लोकांनी अडवलं. वाळवंटापर्यंत या, नाचा, गा. देवळाच्या पायरीपाशी थांबा. चोखोबांची समाधी त्या पायरीशीच आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा दलितांना विठ्ठलमंदिर उघडलं. आजीला ते दिवस आठवत. “गुरुजी उपाशी बसल्यालं आनि हितं बामनाच्या आळीत म्हनायचे, मरूदे त्येला.” हे नातीनं हळू आवाजात सांगितलं. बाई म्हणाल्या, अच्छा, म्हणजे तुम्हाला पोलीस लागलाच नाही.

तर ती तसबीर. १९६६ च्या सप्टेंबरात ती मठात अडकली आणि पुढच्या गावांच्या तारखा तर ठरलेल्या. कमानी बांधून तयार. मग चौकट निघाली. नुसती चौकट, आत चित्र नाही. सोबत एक मेणबत्ती आणि बायबलची प्रत. सहा वर्षं हे असंच फिरत राहिलं. बाईंच्या आजोळी, दक्षिणेच्या डोंगराळ भागात, ती चौकट आली तेव्हा बाई मुद्दाम तिथं गेल्या होत्या. त्या सांगतात, गावातल्या म्हाताऱ्या पुढं होऊन चौकटीच्या आतल्या रिकाम्या जागेला हात लावायच्या. लाकडाला नाही, मधल्या हवेला. हात आरपार जायचा. तोच हात मग कपाळाला. एक म्हातारी बराच वेळ हात आत घालून उभी होती, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, पुरे आता, आम्हालाही घेऊ द्या.

हे ऐकताना मला आमच्या पालख्या दिसल्या. पालखीत असतं काय? पादुका. ज्यांच्या त्या पादुका ते माउली सातशे वर्षांपूर्वी समाधीत बसले. जो नाही त्याच्या चपलांमागून लाखो माणसं चालतात आणि ते सोबत आहेत याविषयी कुणाच्या मनात तिळमात्र शंका नसते. हे गणित पोलंडच्या गृहखात्यातल्या अधिकाऱ्यांना कुणीतरी समजावायला हवं होतं. त्यांना वाटलं चित्र जप्त केलं की कार्यक्रम संपला. कार्डिनल उचलला तर खुर्ची उरली. त्याच १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांना येऊ दिलं नाही, तर यास्ना गुराला त्यांच्यासाठीही रिकामं आसन मांडलं गेलं. जे जे सरकारनं काढून नेलं त्याची जागा लोकांनी मोकळी ठेवली आणि त्या मोकळ्या जागेला हार घातला. बंदी घालणाऱ्यांनी या देवीची जेवढी जाहिरात केली तेवढी मठाला पैसे मोजून करता आली नसती.

१९७२ च्या जूनमध्ये युझेफ वुयचिक नावाच्या पाद्र्यानं दोन जोगिणींच्या मदतीनं ते चित्र मठातून गुपचूप बाहेर काढलं आणि १८ जूनला राडोम शहरात ते लोकांसमोर आलं. या आधी तुरुंगाची हवा खाल्लेला हा माणूस. सरकारनं या वेळी हात लावला नाही. चौकट भरली. बाई म्हणतात, भरल्यावर थोडं चुकल्यासारखं वाटलं.

पुढचं जगाला ठाऊक आहे. १९७८ मध्ये क्राकोव्हचे कार्डिनल कारोल वोयतिवा पोप झाले, १९७९ च्या जूनमध्ये मायदेशी आले. बाई वॉर्सॉच्या चौकात माणसांच्या महापुरात उभ्या होत्या. त्यांच्या आई घरी टीव्हीसमोर. सरकारी कॅमेऱ्यांना गर्दी दाखवायची नव्हती, म्हणून ते पोपवर नाहीतर म्हाताऱ्यांवर नाहीतर जोगिणींवर रोखलेले. रात्री आई कळवळून म्हणाल्या, बिचारा इतक्या लांबून आला आणि फारसं कुणी आलंच नाही ग. १९८० ला ग्दान्स्कच्या गोदीत संप झाला, त्याचा पुढारी लेख वावेन्सा याच्या कोटावर या काळ्या मातेचा बिल्ला. त्याला १९८३ मध्ये मिळालेलं नोबेल यास्ना गुरालाच ठेवलेलं आहे. १९८२ ला मार्शल लॉ होता, रस्त्यावर चार माणसं जमायची चोरी, तरी ऑगस्टमध्ये वारी निघाली.

एवढं सांगून थांबलं तर पाद्री सगळे संत आणि सरकार सगळं राक्षस असं होईल. तसं नव्हतं. गुप्त पोलिसांचे खबरे झग्यातही होते. २००७ च्या जानेवारीत वॉर्सॉचे नवे आर्चबिशप स्टानिस्वाव विएल्गुस यांना पदग्रहणाच्या दिवशीच राजीनामा द्यावा लागला, कारण जुन्या फायलींत त्यांचं नाव निघालं. बाईंनी ते टीव्हीवर पाहिलं. नातीनं सांगितलं की त्या दिवशी आजीनं स्वयंपाक केला नाही. बाई म्हणाल्या, खोटं, सूप केलं होतं.

२०२० च्या उन्हाळ्यात करोना आला. आळंदी आणि देहूच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं बरोबर. मी तो व्हिडिओ बाईंना दाखवला. त्यांना ती बस फार आवडली, फुलांनी मढवलेली. त्या वर्षी तिथंही वारी आखडली होती. या वेळी बाईंनी टोपली काढली नाही. लस आली की पहिल्या दिवशी टोचून घेईन म्हणाल्या, देवी बघितल्यात मी.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या घटनात्मक न्यायालयानं गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणणारा निकाल दिला आणि पोलंडच्या बायका रस्त्यावर उतरल्या. नात रोज जायची. चर्च एव्हाना सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेलं, आणि घोषणा त्याच्याही विरोधात. एका रात्री ती बाराच्या पुढं घरी आली, नवे बूट, टाचेला हा एवढा फोड. बाई जाग्याच होत्या. निकाल त्यांना मान्य होता आणि नातीला पोलिसांनी ढकललं हे अजिबात मान्य नव्हतं, आणि ही दोन्ही मतं त्या एकाच दमात मांडत होत्या. मांडता मांडता सुई-दोरा घेऊन आल्या, सुई मेणबत्तीवर धरली, फोडातून दोरा ओवला आणि टोकं बाहेर ठेवून कापली, म्हणजे पाणी झिरपून जातं. आमचे वारकरीही असंच करतात हे मी सांगायला गेले. पण नात म्हणत होती की पुढच्या ऑगस्टला माझ्याकडून चालण्याची अपेक्षा ठेवू नकोस, बाई म्हणत होत्या की आधी बूट नीट घ्यायला शीक. मग दोघी इतक्या भराभर भांडायला लागल्या की माझं पोलिश तिथं संपलं.